बर्फ उडवणाऱ्या शालिनीकाकू

शालिनीकाकू गेल्या तो नोव्हेंबरातला दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मी शॉमबर्ग गावातल्या ऑफिसात होते आणि फोन माधवकाकांचा आला. काका कधी फोन करत नाहीत. "वैशाली, शालिनी गेली गं," ते म्हणाले. "सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, आणि... अँब्युलन्स आली तोपर्यंत सगळं संपलं होतं." आणि लगेच पुढे म्हणाले, "उद्या माझं डायलिसिस आहे. कसं जायचं, ते तिलाच ठाऊक असायचं. म्हणून तुला विचारतोय." क्षणभर मला त्यांचा रागच आला. बायको जाऊन चार तास झाले नाहीत आणि हा माणूस उद्याचं बघतोय. मग लक्षात आलं, की गेली सहा वर्षं त्या घरात दुसरं काही महत्त्वाचं नव्हतंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाला काकांनी डायलिसिसच्या खुर्चीत बसलेलं असलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीभोवती काकूंचं सगळं आयुष्य फिरत होतं. काकांनी त्या दिवशीही काकूंचंच काम पुढे चालवलं होतं, इतकंच.

आमची गल्ली शॉमबर्गच्या पश्चिमेला, शेतं सुरू होतात तिथे आहे. पाव मैल लांबीची खडीची वाट, तिच्यावर पाच घरं. आमचं तिसरं, काका-काकूंचं अगदी शेवटचं. वाट खाजगी, म्हणून बर्फ सारणारा सरकारी प्लाऊ मोठ्या रस्त्यावरून निघून जातो, वर जाता जाता वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. आत आमचं आम्ही बघायचं. आम्ही राहायला आलो तेव्हा पाच घरांनी मिळून बर्फ काढायला एक पिकअपवाला लावला होता. एकदा फेब्रुवारीत त्याची गाडी बंद पडली आणि तो आलाच नाही. सव्वा फूट बर्फ होता. काकांची डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना, अँब्युलन्सही वाटेच्या तोंडाशीच थांबली आणि त्या लोकांनी काकांना स्ट्रेचरवरून, गुडघाभर बर्फातून, पाव मैल नेलं. काकू शेजारून चालत होत्या. त्या रडल्या नाहीत, कोणावर ओरडल्या नाहीत. काका बरे होऊन घरी आले त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "आता दुसऱ्या कोणाच्या भरवशावर नाही राहायचं." तेव्हा त्या छप्पन्न किलोच्या आणि सहासष्ट वर्षांच्या होत्या.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी ते यंत्र आणलं. युटिलिटी व्हेइकल म्हणजे इथे शेतावर वापरतात ती छोटी, दणकट, चारही चाकांना जोर असलेली गाडी. मागे सामान टाकायला हौदा. तिच्या पुढे काकूंनी स्नोब्लोअरचं अटॅचमेंट बसवून घेतलं होतं. साडेचार फूट रुंद जबडा, त्यात फिरणारं लोखंडी मळसूत्र, त्याच्या मागे पंखा आणि वर वळवता येणारी नळी. मळसूत्र बर्फ आत ओढतं, पंखा तो नळीतून लांब फेकतो. काकू मळसूत्राला 'चरक' म्हणायच्या आणि नळीला 'धुराडं'. मूळच्या नागपूरच्या. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेली बाई. इथे आल्यावर वीस वर्षं त्यांनी डबे भरणाऱ्या एका कारखान्यात काढली होती, शेवटची सात लाइन सुपरवायझर म्हणून. काका इंजिनीअर, पण घरातला स्क्रू ड्रायव्हर काकूंच्या हातात. आम्ही सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणारे लोक. यंत्राचा आवाज ऐकून त्याला काय होतंय ते सांगणारं माणूस मी काकूंच्या रूपानंच पहिल्यांदा पाहिलं.

यंत्र आलं त्या दिवशी पूजा झाली. हळद-कुंकू, चाकांखाली लिंबं, जबड्याला झेंडूचा हार. माझ्या नवऱ्यानं, नितीननं, नारळ फोडायचा मान घेतला. बाहेर शून्याखाली पाच. नितीननं जबड्याच्या कडेवर असा काही जोरात नारळ आपटला की एक भकल हातात राहिलं आणि दुसरं उडून कुठे गेलं ते कळलंच नाही. थोडं शोधलं, हसलो, आत जाऊन शिरा खाल्ला. चार दिवसांनी पहिला मोठा बर्फ पडला. पहाटे पाचला काकू वाटेवर निघाल्या. मी खिडकीतून बघत होते, तर आमच्या घरापाशी येण्याआधीच खट्ट असा आवाज झाला आणि चरक थांबला. नितीन जॅकेट अडकवून धावला, मागून मी. काकूंनी तोवर इंजिन बंद करून चावी काढून खिशात टाकली होती. थोडं थांबून त्यांनी काठीनं जबड्यातून काय बाहेर काढलं असेल, तर दगडासारखं गोठलेलं आमचं नारळाचं भकल. त्याच्यावरचं कुंकूसुद्धा तसंच होतं. नितीनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काकू म्हणाल्या, "पिन तुटली फक्त. ती तुटण्यासाठीच असते, म्हणून बाकीचं वाचतं." जॅकेटच्या खिशातून नवी पिन काढून त्यांनी हेडलाइटच्या उजेडात, हातमोजे उतरवून, दहा मिनिटांत बसवली. मग वर चढता चढता नितीनला म्हणाल्या, "पुढच्या वेळी पेढे ठेव बापा. ते चरकाला लागत नाहीत." पावणेसहाला वाट मोकळी होती आणि काका वेळेवर पोचले.

मी खूप माणसांना आपापलं काम करताना पाहिलंय, पण त्या हिवाळ्यापासून पहाटे उठून खिडकीत उभं राहायची मला जी सवय लागली, तशी कधी कोणासाठी लागली नव्हती. अंधार फिकट होत असायचा. पांढऱ्या शेतांच्या मधून ती गाडी माणसाच्या चालीनं पुढे सरकायची आणि तिच्या डाव्या अंगानं बर्फाची एक कमान उठायची, आमच्या घराच्या छपराएवढी उंच. वाऱ्यानं तिची धूळ व्हायची. सूर्य नेमका वर आला तर त्या धुळीत रंग दिसायचे... आणि या सगळ्याच्या मुळाशी, लाल जॅकेट आणि कानटोपीत, जेमतेम पाच फुटांची बाई. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटायचे. माझी मुलगी ईरा एकदा झोपाळलेली शेजारी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "आई, ती आजी इज लाइक, मूव्हिंग द होल विंटर." मलाही तसंच वाटत होतं.

पण त्या काही साध्वी वगैरे नव्हत्या, हेही सांगायला हवं. कोणी रात्री गाडी वाटेवर उभी केली तर सकाळी त्या गाडीच्या भोवतीचं सगळं साफ करून गाडी तेवढी बर्फाच्या ओट्यावर ठेवून द्यायच्या. नितीनच्या वाट्याला हे दोनदा आलं. एकदा माझ्या गुलाबाच्या रोपांवर त्यांनी टनभर बर्फ टाकला. मी जरा आवाज चढवला तर म्हणाल्या, "वारा तिकडचा होता. वाऱ्याशी भांड." पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्या पंधरा दिवसांत आमच्या दारापर्यंतचा बर्फ मात्र एकही दिवस राहिला नाही. आभार मानलेले त्यांना आवडायचे नाहीत. पाचही घरांची दारं मोकळी करून शेवटी त्या मोठ्या रस्त्याशी जायच्या, प्लाऊनं घातलेला बांध तीन-चार घासांत चरकाला भरवायच्या, घड्याळ बघायच्या आणि परत फिरायच्या.

गेल्या जानेवारीत त्यांनी मला बोलावलं. "नुसतं काय पाहून राहिली खिडकीतून? ये, बस." मी म्हटलं, "काकू, मला नाही जमणार हं." त्यांनी ऐकलं नाही. गाडी अगदी हळू, चरक पूर्ण वेगात. उलटं केलंस तर धुराडं तुंबतं. ओला बर्फ असेल तर अर्धाच घास घ्यायचा. वारा पाठीशी ठेवायचा. आणि तुंबलं तर इंजिन बंद, चावी खिशात, थांबायचं, मग काठी. "हात घालायचा नाही. धुराड्यात हात घालणाऱ्याला आधी अक्कल नसते आणि मग हातही नसतो." मी जेमतेम शंभर फूट चालवलं आणि घामाघूम झाले. मी विचारलं, "पण मला कशाला शिकवताय?" त्या समोर बघत म्हणाल्या, "मला कधी ताप आला तर? यांची पाळी चुकायला नको." दुसरा धडा पुढच्या शनिवारी ठरला. त्या शनिवारी माझ्याकडे ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी काहीतरी. मी "काकू, पुढच्या वीकेंडला नक्की" असं किती वेळा म्हटलं, ते आता आठवावंसं वाटत नाही. बर्फ वितळला, उन्हाळा आला, आणि विषय तिथेच राहिला.

काकू गेल्यावर पाच घरांनी काकांना नेण्या-आणण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. वाटेचं काय करायचं, यावर मात्र काही ठरेना. नवा पिकअपवाला म्हणाला, "आठच्या आत येणं जमणार नाही." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, गुरुवार सकाळसाठी दहा इंच बर्फाचा इशारा आला. काका आमच्याकडे चालत आले. त्यांनी काही मागितलं नाही. टेबलावर चावी ठेवली आणि म्हणाले, "नाही जमलं तर नाही गं. एक पाळी चुकली तर बघू." एक पाळी चुकली की काय होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या तोंडून "चालवते मी" असं गेलं आणि नंतर रात्रभर मला त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

पहाटे साडेचारला काकूंच्या गॅरेजमध्ये गेले. हौद्यात वजनासाठी वाळूची पोती होती, चाकांना साखळ्या चढवलेल्या होत्या. जाण्यापूर्वीच त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. मी गाडी बाहेर काढली, चरक सुरू केला आणि पहिल्या पन्नास फुटांतच घाई करून धुराडं तुंबवलं. इंजिन बंद. चावी खिशात. काठी. दोनदा काठीच हातातून खाली पडली. मग पुन्हा सुरू केलं, हळू, आणखी हळू... आणि बर्फ उठला. त्या आवाजानं आणि माझ्या स्वतःच्या हातून उठलेल्या त्या पांढऱ्या कमानीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण थोड्याच वेळात वारा फिरला आणि समोरचं सगळं एकसारखं पांढरं झालं. वाट कुठे संपते आणि डावीकडचा चर कुठे सुरू होतो, काही कळेना. तो चर चार फूट खोल आहे. तिथे चाक गेलं असतं तर त्या दिवशी गाडीही गेली असती आणि वाटही.

मी थांबले, दिवे मोठे केले. तेव्हा समोर बर्फातून वर आलेली एक काठी दिसली आणि तिच्यावर निळ्या पट्ट्यांचा एक टाय. पुढे आणखी एक काठी, तिच्यावर हिरवा. समोरच्या बाजूला पिवळ्या ठिपक्यांचा. दर ऑक्टोबरात काकू वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या, बर्फात कड कळावी म्हणून. यंदा बाजारातल्या केशरी पट्ट्या न आणता त्यांनी काकांचे ऑफिसातले टाय बांधले होते. मी तेव्हा हसले होते, तर त्या म्हणाल्या होत्या, "तीस टाय आहेत. यांना आता कुठे इंटरव्ह्यूला जायचंय?" आता मी एका टायपासून दुसऱ्या टायपर्यंत जात होते. चरापाशी, जिथे वाट वळते, तिथे काठ्या अगदी जवळजवळ होत्या. कुठे माणूस चुकेल ते त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. मला दुसरं काही करायचंच नव्हतं. त्यांनी आखलेल्या दोन रेघांच्या मधून फक्त जायचं होतं. भीती गेली असं नाही म्हणणार, पण मी एकटी आहे असं नंतर वाटलं नाही.

पाच चाळीसला मी मोठ्या रस्त्याशी बांध फोडला. मागून नितीनची गाडी आली, शेजारच्या सीटवर काका, कानटोपी आणि मांडीवर डब्याची पिशवी. गाडी माझ्याजवळ थांबली, काच खाली झाली. काकांनी मागे वळून सगळी मोकळी वाट एकदा पाहिली. मग त्यांनी बोट केलं ते वाटेच्या अगदी टोकाच्या काठीकडे. तिच्यावर एक मरून टाय होता, गोठून ताठ झालेला. "तो तिनं पहिल्या पगारातून घेतलेला," काका म्हणाले. "तिला निरोप द्यायला जाताना तोच घालायचा होता मला. सगळं कपाट उपसलं. परत येताना इथे दिसला."

मी खाली उतरले. म्हटलं, "काका, थांबा, काढून देते." माझी बोटं गाठीला लागली, तोवर त्यांनी हात हलवला.

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "एप्रिलपर्यंत लागेल तो."