थाई असंच असतं

वन्सं, हे वाचताना तुमच्या कपाळाला आठी पडणार हे मला ठाऊक आहे. तुमची परवानगी मागितली नाही, कारण तुम्ही ती दिली नसतीत. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोडगोड लिहायचं मला जमत नाही. तुम्ही धडधाकट आहात, भांडायला समर्थ आहात, तोवरच लिहिलेलं बरं. वाचणाऱ्यांच्या तुम्ही वन्सं नाही, म्हणून कचेरीतली पोरं म्हणतात तसं पळीबाईच म्हणते. आणि या गोष्टीत जी वहिनी येते ती मी, जेवढ्यास तेवढी.

तर पळीबाई एका मोठ्या कचेरीचं कॅन्टीन चालवतात. जिन्याखाली लांबट खोली, तिला एकच खिडकी, आणि वाढायला एक सरकतं दार. त्या दारातून आधी पळी बाहेर येते, मग बाई. पळीनेच त्या रांग सरळ करतात, पळीनेच 'आता तू' म्हणतात, आणि कुणी 'आज सूप पातळ आहे' म्हटलं तर ती पळी त्याच्या नाकासमोर धरून विचारतात, "दाट हवं असेल तर उद्यापासून घरून आणतोस का?" दुसऱ्या दिवशी सूप दाट असतं. बोलणं तिखट, पण ऐकून घेणारा कान आहे. तेवढ्यावर इतकी वर्षं निभावली.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वासही घेऊन गेली. आधी त्यांना वाटलं नाक चोंदलंय. वाफ घेतली, काढे घेतले. एक दिवस अंगाचा साबण नाकाशी धरला तर तो नुसता गुळगुळीत दगड. त्यांनी साबण जागेवर ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. स्वयंपाकीण आणि वास येत नाही, हे सांगायचं कुणाला? शिंप्याने सुई दिसत नाही म्हणून सांगावं तसं.

आणि खरं म्हणजे कुणाला कळलंही नाही. कांदा रंगावरून कळतो, भात आवाजावरून, सूप पळीवरून कसं ओघळतं त्यावरून. जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट अजून लागत होतं. बाकी सगळं हातांना पाठ. शेगडी पेटवण्याआधी खिडकी उघडायची, एवढी एक नवी सवय लागली. गॅस गळला तर आपल्याला कळायचं नाही, ही धास्ती.

मग कचेरीत नव्या मॅनेजरबाई आल्या. तब्येतीला जपणाऱ्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, "दुपारी कच्च्या भाज्यांचं सॅलड ठेवू या. त्यावर थाई पद्धतीचं शेंगदाण्याचं ड्रेसिंग. तुम्हाला येतं का?"

"शिकेन," पळीबाई म्हणाल्या.

"शुक्रवारी चाखून बघू. नाही जमलं तर बाहेरची एक कंपनी सगळं जेवणच डब्यातून द्यायला तयार आहे. तुम्हालाही जरा आराम."

आराम हा शब्द पळीबाईंना चावला. कानामागून आलेल्या एका चटणीवर सगळं कॅन्टीन टांगलं होतं, आणि ती चटणी त्यांनी जन्मात कधी चाखलेली नव्हती. इथेच खरी गोम होती. जुने पदार्थ त्या आठवणीतून करत होत्या. न चाखलेल्या पदार्थाची आठवण कुठून आणायची?

रविवारी त्यांनी घरी घाट घातला. फडताळातल्या मागच्या डब्यातून शेंगदाणे काढले. सवयीने डबा नाकाशी नेला. वास कसला येणार, पण त्याच सवयीने चांगले आहेत असं धरून चालल्या. दाणे भाजले, सालं काढली, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. त्यात लिंबू पिळलं तर तो गोळा दगडासारखा आवळून बसला. बाई घाबरल्या नाहीत. गरम पाणी चमच्याचमच्याने घालत गेल्या आणि गोळा हळूहळू सैल पडला. पदार्थ आडमुठा असला तरी हाताला ऐकतो. मग सोया सॉस, गूळ, आलं, लसूण, मिरची, नारळाचं दूध. दिसायला झकास झालं. चमच्यावरून पडलं ते थेट साटीनसारखं.

नवरा गॅलरीत रेडिओ उघडून बसला होता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या या माणसाच्या हाती जे येईल ते तो उघडतो. त्याच्यापुढे वाटी धरली.

"ठीक," तो म्हणाला.

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक."

"आलं लागतंय का?"

"असेल ना. तू घातलंयस तर असेलच."

"अहो, मी घातलंय ते मला माहीत आहे. तुमच्या जिभेवर आहे की नाही ते विचारतेय."

"मग जिभेचं असं नीट विचार ना. ठीक आहे."

लग्नापासून हे एकच सर्टिफिकेट. शेजारच्या शिवणकामवालीला वाटी दिली, तर ती चमचा चाटून म्हणाली, "वेगळंच आहे हो. परदेशी वाटतं एकदम." दुसरा चमचा मात्र तिने घेतला नाही. पळीबाईंनी ते बघितलं आणि घरी येऊन लिंबू वाढवलं. मग गूळ वाढवला. मग मिरची. जीभ सांगत होती सगळं जागच्या जागी आहे, आणि त्या दुसऱ्या न घेतलेल्या चमच्याचं कोडं सुटेना. अंधारात भिंत चाचपडावी तसा सबंध दिवस गेला. संध्याकाळी चिडून त्यांनी वहिनीला फोन केला. "या जरा. तुम्हाला गोड बोलता येत नाही, तेच हवंय मला."

वहिनी आली, चमचा तोंडात घातला आणि सरळ मोरीत जाऊन थुंकली.

"दाणे खवट आहेत."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? नुसतं झाकण काढलं तरी समजतंय. वास नाही घेतलात?"

"घेतला की."

"मग?"

"मग काय, जरा जुने असतील. एवढं काही नाही." असं म्हणत पळीबाईंनी पाठ फिरवली आणि नव्या घाण्यासाठी नारळाचं दूध गॅसवर चढवलं. त्या ढवळायचं थांबवून भांडू लागल्या: वहिनीला सगळ्यात खोडच दिसते, घरच्या लग्नातही तिने आइस्क्रीमला नावं ठेवली होती. बोलता बोलता पातेल्याच्या बुडाशी दूध लागलं. खोलीभर करपल्याचा वास पसरला. गॅलरीतून नवरा ओरडला, "अगं, काहीतरी लागलंय का तिकडे?" पळीबाई त्याच पातेल्यावर तोंड करून उभ्या होत्या, वाफ थेट चेहऱ्यावर, आणि आइस्क्रीमचं बोलत होत्या.

वहिनीने हात लांब करून गॅस बंद केला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

पळीबाईंनी पातेलं मोरीत ठेवलं, नळ सोडला. "थंडीपासून."

"आणि सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतंत."

ते खरं होतं. नवरा दारात आला होता. त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "थाई असंच असतं."

पळीबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो रेडिओकडे परत गेला.

पुढे शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी वहिनी नाक घेऊन येत राहिली. ताजे दाणे आणले, मंद भाजले. वहिनी पातेल्याशी वाकून 'अजून', 'अजून', 'बास' म्हणायची, आणि बास म्हटलं तरी पळीबाई उगाच थोडे आणखी हलवायच्या, कुणाच्या हुकमाने थांबायची सवय नव्हती म्हणून. तिळाच्या तेलावरून तर जुंपलीच. वहिनी म्हणाली चार थेंब, पळीबाईंनी चमचा घातला. त्यांच्या लेखी ते नुसतं ओलं होतं. सगळा घाणा टाकून द्यावा लागला. "वहिनी, हे ड्रेसिंग तुमच्या जिभेचं होतंय, माझ्या नाही," त्या म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "मग तुमच्या जिभेचं कसं करायचं ते सांगा." लसूण सोलायला घेतली त्यांनी, आणि नखात साल रुतेपर्यंत सोलत राहिल्या.

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी काकडीचा काप बुडवून खाल्ला. दुसरा खाल्ला. पळीबाई दुसऱ्याचीच वाट बघत होत्या. तिसरा काप हातात धरून मॅनेजरबाई म्हणाल्या, "दाण्यांचा वास काय सुरेख आलाय."

"तुम्ही म्हणताय तर असेल," पळीबाई म्हणाल्या.

कॅन्टीन राहिलं. सॅलड राहिलं. पोरं आता पावालाही तेच ड्रेसिंग मागतात, आणि कुणी मागितलं की पळीबाईंचा पारा चढतो. घरी येऊन त्या एकदा वहिनीला म्हणाल्या, "माझ्या सूपला कुणी नावं ठेवली तर मी भांडते. याची कुणी वाहवा केली तर काय करू? मला ठाऊकच नाही ते काय खातात." नवऱ्याने समजूत घालायला म्हटलं, "ठीक आहे गं." त्यावर त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

तर वन्सं, तुमची गोष्ट एवढीच. राहिलं ते आपल्या दोघींतलं. त्या शुक्रवारी संध्याकाळीच ठरलं होतं की नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं; तुम्हाला एकटीला पाठवलं तर ते 'वय झालं' म्हणतील आणि तुम्ही पळी उगाराल, म्हणून मी बरोबर यायचं. पहिल्यांदा तुमच्या कॅन्टीनची पाहणी निघाली. मग माझा गुडघा सुजला. मग मी स्वतः गाडी घेऊन तुमच्या दाराशी आले, हॉर्न वाजवला, तर तुम्ही वरच्या खिडकीतून पळी हलवून 'पुढच्या आठवड्यात' अशी खूण केलीत. खिडकीतून दाणे भाजल्याचा वास खाली येत होता. मी गाडी वळवली. त्यानंतर तो विषय ना तुम्ही काढलात, ना मी.