टायटॅनियमचा निळा

भंडाऱ्याजवळ वरठीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. सुटी झाली की घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये घडीचे चाकू बनवायचो. पातं पोलादाचं, मूठ पितळेची. धाकटी बहीण शेजारी खुर्ची टाकून बसायची. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. गारठा वाढला की सांधे ठणकायचे. त्यापायीच तिचं कॉलेज सुटलं. एकदा तिनं नवा चाकू हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"दादा, किती जड हाय हा! माह्या मनगटाले झेपत नाही. मले हलका बनवून दे ना."

मग मी नागपूरच्या एका कबाड्याकडून टायटॅनियमच्या पट्टीचे तुकडे आणले; पोलाद-पितळेपेक्षा ते पुष्कळ हलकं. पहिल्याच भोकाला ड्रिल मोडलं. पोलादाच्या सवयीनं मी जोरात चालवत होतो. या धातूत उष्णता पसरत नाही, ती ड्रिलच्या टोकाशीच साचते आणि टोक जळतं. वेग कमी केला, तेल सोडत राहिलो, तेव्हा कुठे ते वश झालं. बेल्टवर घासताना पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या, तर बहीण टाळ्या वाजवायला लागली.

मुठीच्या आतली पट्टी चिरून किंचित वाकवावी लागते. पातं उघडलं की ती त्याच्यामागे सरकून अडकते, म्हणून चाकू बोटांवर मिटत नाही. ती जमायला बरेच दिवस गेले. तयार झालेला चाकू बहिणीनं तळहातावर तोलला आणि आईसाठी एक पेरू चिरला. आईनं पेरू हातात धरला, पाहत राहिली ती बहिणीच्या मनगटाकडेच.

टायटॅनियमला रंग कसा चढवायचा, ते बहिणीनंच मोबाइलवर शोधून काढलं. डब्यातल्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा. चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडायच्या. एका तारेला स्टीलचा चमचा, दुसरीला टायटॅनियम. पाण्यात बुडवलं की करडा धातू आधी तांबूस होई, मग जांभळा, मग निळा.

"पाह्य ना दादा, काहीच नाही लावलं अन् निळं झालं!"

तेव्हापासून रंग तिच्याकडे. ती रबरी हातमोजे घालायची, कारण उघडं बोट लागलं की तेवढ्यावर डाग राहतो. एकदा तिचा अंगठा उमटलाच. मी म्हटलं, राहू दे.

"असा डागाचा माल कोणी घेते का?" म्हणाली, आणि घासून पुन्हा रंगवला. तो चाकू पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे गेला.

त्या हिवाळ्यात दुखणं छातीत उठलं. आधी भंडाऱ्याचा दवाखाना, तिथून नागपूर. गाडीत तिला धड बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "सोड्याचं पाणी फेकू नको. मी आली का करीन."

आली नाही. डब्यातलं पाणी वाळून तळाला पांढरा थर धरला. तिचा चाकू आईनं तिच्या कपड्यांच्या पेटीत ठेवला. ती पेटी आमच्यापैकी कोणी उघडत नाही.

पावसाळा संपता संपता एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला तसाच निळा हवा होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता आलं नाही. दुपारी डबा धुतला, पाणी भरलं, तारा जोडल्या. मनातून वाटत होतं, आता रंग येणार नाही. तिच्या हातानंच तो यायचा, असं मी धरून बसलो होतो.

तांबूस झाला. जांभळा झाला. निळा झाला. अगदी तोच. मी स्टुलावर बसून रडलो. रंग बिघडला असता तर बरं वाटलं असतं.

आई चहा घेऊन आली. मूठ पाहून कप तिथंच ठेवला.

"हे पोरीनं केलेलं ना? कायले विकून राहिला?"

"तिनं नाही केलं, आई. आत्ता मीच केलं."

आईनं मूठ पदरात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाली, "पोरगी नसली तरी सगळं होतेच का रे?"

मी बॅटऱ्यांच्या तारा सोडवू लागलो. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि चहा निवत राहिला.