बाबांनी खोडलेला शब्द

मी शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा ‘बेग’चा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. भीक मागणे. पण अर्जाच्या सुरुवातीला ‘आय हम्बली बेग’ आलं की त्यातली भीक कोणाला दिसत नाही. सगळेच लिहितात आणि साहेब तेवढी ओळ सोडूनच वाचतात. त्या दिवशी बाबांनी ती वाचली.

लेकीला मेडिकलची सीट मिळाली होती. जातवैधतेचे कागद त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत दाखल झाले नाहीत तर ती सीट जाणार होती. तिला मी एकटीने वाढवलेलं, म्हणून पुरावा माझ्या माहेरचा, बाबांचा शाळेचा दाखला होता, पण त्यावर जन्मगाव चुकलेलं. म्हणून खुलाशाच्या अर्जावर बाबांची सही हवी होती. कार्यालयाबाहेरच्या टायपिंगवाल्याने आपला ठरलेला इंग्रजी मसुदा काढून दिला तेव्हा सव्वाचार झाले होते.

बाबांनी चष्मा लावला, वाचलं आणि पेनाने एक शब्द खोडला.

“मी याच्यावर सही करत नाही.”

“काहून?”

“भीक मागून राहिलो का मी?”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, पोरीचं वर्ष जाईन! एका शब्दासाठी अडून राहिले तुम्ही?” मी रस्त्यावर, चार लोकांत ओरडले. अख्खी नोकरी सरकारी कचेरीत फायली लावण्यात घालवलेला माणूस, आणि त्याला घड्याळ दिसेना!

त्यांनी गठ्ठ्यातून एक झेरॉक्स काढली. शाळेने दाखल्यासोबत दिलेली, आजोबांच्या अर्जाची. मुलाला शाळेत घ्या म्हणून केलेला तो अर्ज. वर तेच, ‘आय हम्बली बेग’. खाली अंगठा.

“माह्या बापाले वाचता येत नव्हतं,” बाबा म्हणाले. “कोणी लिहून देल्लं, त्यानं अंगठा ठेवला. मले वाचता येते वं.”

खाडाखोड केलेला कागद खिडकीवर घेत नाहीत. टायपिंगवाल्याला ‘रिक्वेस्ट’ घालायला सांगितलं, तर त्याच्यापुढे आणखी दोन गिऱ्हाइकं आणि मध्येच लाइट गेली. राग गिळायला मी मोबाइलवर त्या शब्दांची मुळं शोधत उभी राहिले. ‘रिक्वेस्ट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पुन्हा शोधणं’ निघालं. ‘बेग’ कुठून आला ते नक्की माहीत नाही. युरोपात दारोदार फिरणाऱ्या एका पंथाच्या नावावरून आला असावा, असं काही जण म्हणतात. मला आमच्या विहारातले भन्ते आठवले. तेही भिक्षापात्र घेऊन दाराशी येतात, पण मागत नाहीत. नुसते उभे राहतात. ही सगळी विद्या त्या घटकेला चुलीत घालण्याच्या लायकीची होती, कारण पाचला दहा कमी होते आणि लाइट नव्हती.

शेवटी लाइट आली, अर्ज हातात आला, बाबांनी सही केली आणि आम्ही जिना चढलो. पाच वाजून सहा मिनिटं. खिडकीतला बाबू ड्रॉवरला कुलूप लावत होता.

“टाइम संपला, मॅडम.”

त्याचं काही चुकत नव्हतं. चूक आमची होती, आणि मला वाटलं, बाबांची होती. तरी मी कागद खिडकीतून पुढे केले.

बाबा मला बाजूला सारून पुढे झाले. खिडकीसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. बोलले काहीच नाहीत. हात खाली घेतले नाहीत.

बाबूने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “आणा, आजोबा,” म्हणाला आणि कुलूप काढलं. कागदावर शिक्का बसला.

जिना उतरताना मला माझीच लाज वाटत होती. तरी विचारलं, “बाबा, मंग हात काहून जोडले?”

ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

“कागद फायलीत राह्यते वं,” ते म्हणाले. “उद्या नात थे फाइल उघडून पाहीन. त्याच्यात माहे हात थोडेच दिसतीन तिले.”