हिरव्या चोळीचं सूत

चहा आधी संपवा, कारण हा घोळ ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे दुसरा कप मागणार नाही. सुरुवातीला हसाल. हसा, माझी हरकत नाही.

लढाईची सालं होती. कापड रेशनवर. मी कर्जतजवळच्या एका गावात शाळामास्तर. रोज चरखा चालवायचो आणि तोरा असा, की अख्ख्या तालुक्याची लाज मीच झाकतोय!

शेजारी गणूकाका आणि त्यांची बायको, आमची काकू. पोरबाळ नाही. काकूच्या पोटात गाठ, महिनोन्‌महिने अंथरुणावर. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचं मागणं एकच: सवाष्ण जातेय, तर अंगात नवी हिरवी चोळी हवी. आणि बाजारात हिरवं कापड औषधालासुद्धा नव्हतं.

मी लगेच पुढे! म्हटलं, सूत माझं, रंगही मीच देतो, दहिवलीच्या विणकराकडून कापड करून आणतो. रंगातलं मला काय कळत होतं? काडीचंही नाही. पण बोलून बसलो.

ठाकरवाडीची सोमी आमच्याकडे हिरडे-बेहडे विकायला यायची. झाडपाल्याचे रंग तिला तोंडपाठ. हिरव्याला काय करायचं, असं मी तिला विचारलं. माझ्या तोंडात तंबाखूचा बार, आणि उठून थुंकायचा कंटाळा! मी म्हणालो हिरव्याला, तिनं ऐकलं हिरड्याला. तिनं सांगितलं, हिरडा कुटून लोखंडी कढईत उकळा, सूत त्यातच मुरू द्या, रंग मरेस्तोवर जायचा नाही. हिरडेही तिच्याकडूनच घेतले. तरी शंका आली का? छे! हिरड्यातून हिरवा, नावच सांगतंय की!

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. तीन गुंड्या, म्हणजे माझं तीन आठवड्यांचं सूत, काळंकुट्ट! धुतलं, चोळलं, ताकात बुडवलं. सोमीनं सांगितलं होतं तेच खरं, रंग जाईना. तिला बोलावलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, हिरडा आणि लोखंड, दुसरं काय व्हनार मास्तर?

तोंड लपवत काकूकडे गेलो. तिनं गुंडी हातात घेतली, बघितली आणि पोट धरून हसली. दुखत असेल, तरी हसली.

"काळं घालून मी नाय जायाची, मास्तर. तुमी पुन्यांदा काता. हिरवं व्हईस्तोवर थांबते मी."

थांबते! मी तो शब्द पकडला. म्हणजे सूत होत नाही तोवर काकू जात नाही. बघा हं, शिकलेला माणूस मी! त्या दिवसापासून कातायला बसलो, पण सूत काही पुरं होऊ देईना. धागा जमत आला की बोटानं तोडायचा. गणूकाका रोज विचारायला यायचे, सूत कुठवर आलं. कधी कापसाचा पेळू वाईट, कधी हवा दमट, कधी चरख्याची माळ सैल, असं काहीबाही मी सांगायचो.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. माझी युक्ती मी त्यांना सांगून टाकली. वाटलं, गळ्यात पडतील.

ते ओसरीवर खाली बसले.

"तिला लई तरास हाय, मास्तर. तोंडात पानी ठरत नाय. रोज इचारते, सूत झालं का, मी सुटू का." मग म्हणाले, "तुमी तिला जगवली नाय. अडकवून ठेवलीत."

मग मी रात्रंदिवस असं सूत कातलं, की बोटं सोलली. सोमीनं स्वतः बसून आधी निळीत आणि मग हळदीत सूत बुडवलं. पालवीसारखा हिरवा रंग चढला. विणायला वेळ कुठला? ओली गुंडी घेऊन धावत गेलो. दारात बायका जमलेल्या. काकू घटकाभरापूर्वी गेली होती.

गणूकाकांनी माझ्या हातातली गुंडी घेतली आणि काकूच्या मनगटाला गुंडाळली. हिरवं पाणी तिच्या तळव्यावर ठिबकत होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

बायका डोळे पुसत म्हणाल्या, बघा गं, मास्तरांनी किती खपून सूत काढलं!

खपून! अहो, आठ दिवस तेच सूत मी तोडत बसलो होतो.