दुधाचे दात पडायची वाट

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, कारण बोलायचं ते सगळं सातच्या आत उरकावं लागे. सातला सोफ्याच्या कारखान्यात कामावर बसली की तोंडात मूठभर बारीक खिळे. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे धरायला तोंडच उरतं. जिभेनं एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला लावायचा, ठोकायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शब्द नाही. म्हणून लेकीला रागावणं आणि थोरल्या बहिणीशी, म्हणजे अक्काशी, वाद घालणं हे चहा उकळेपर्यंत आटपून घ्यायची.

इतरांना हे काम नकोसं वाटे. तिला सोयीचं होतं. तोंड मिटून ठेवायला याहून चांगलं निमित्त नव्हतं. पुढच्या दोन मोठ्या दातांना लागून असलेले तिचे दोन्ही दात तांदळाएवढे, टोकदार. शाळेत पोरी उंदरी म्हणत. घरचे म्हणत, दुधाचे आहेत, पडतील. घरच्यांनी वाट पाहिली, तिनंही पाहिली. लग्न झालं, लेक झाली, चाळिशी दारात आली. दात जागचे हलले नाहीत.

लेक आता चौदाची. तिचेही दात तसेच. वर्गात उत्तर येत असलं तरी ती हात वर करत नसे, कारण हात तोंडावर असे. अक्कानं तोडगा काढला. दात उपटायचे, म्हणजे पक्क्यांना वाट मोकळी. "आईनं तुझ्या वेळी कच खाल्ली. तू खाऊ नकोस." उपटणारा माणूसही तिनंच हेरला. रविवार ठरला. लेक एका पायावर तयार.

शुक्रवारी मालकानं तिला दातांच्या एका दवाखान्यात धाडलं. बाहेरच्या बाकाचं कापड फाटलं होतं. डॉक्टरीणबाई काम बघायला आल्या आणि तिचं तोंडच बघत राहिल्या. खिळे तोंडात धरते म्हणून तिला चार शब्द सुनावले. तिनं खिळे तळहातावर काढले आणि आजवर कुणाला न विचारलेलं विचारलं.

"बाई, हे दुधाचे दात पडतात तरी कधी?"

बाई हसल्या नाहीत. आत खुर्चीत बसवून दातांचा फोटो काढला. मूळ लांब, भक्कम. वर दुसरा दात दडलेला नाही.

"पडायचे नाहीत. हे तुमचे पक्केच आहेत, मुळातच बारके. काहींचे असतात. घराण्यात उतरतात."

"आणि उपटले तर?"

"तर फट राहील, दुसरं काही यायचं नाही. आहे त्याच दातावर लेप चढवून आकार देता येतो. आधी लेकीला आणा. तिचा फोटो काढल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

तिनं बाक पुरा केला. अर्धं काम टाकून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. मग तडक घरी. अक्का म्हणाली, डॉक्टरांना गिऱ्हाईक हवंच असतं. 

"अक्का, मी जन्मभर वाट बघितली. पोरीच्या तोंडाला फट पाडून तिला वाट बघायला नाही लावणार."

लेक रुसली, दोन दिवस जेवणावर राग काढला. अक्का मात्र शनिवारी लेकीचा फोटो काढायला बरोबर आली. फोटो उलटा धरून बराच वेळ बघितला. तोही तसाच निघाला, नवा दात कुठे नव्हता. त्या माणसाला नको म्हणून सांगायला मग अक्काच गेली.

पुढे कारखान्यात तिनं कोपऱ्यांचं काम मागून घेतलं. खुर्चीच्या हाताशी कापड दुमडून सुरकुती न पडता बसवायचं. बोटांची सालं निघतात, म्हणून ते कुणी घेत नाही आणि म्हणूनच त्याला मजुरी जास्त. एक सुरकुती दिसली की ती सगळं उसवून पुन्हा बसवायची. थंडी आली आणि सरली.

त्या मजुरीतून लेकीच्या दोन्ही दातांवर लेप चढला. दवाखान्यातून परतताना लेक गणिताच्या बाईंविषयी रस्ताभर तक्रार करत होती, दोन्ही हात हलवत. घर आलं तरी संपेना. आईनं तिला मधे एकदाही थांबवलं नाही.