राखून ठेवलेली ओळ

बाबांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या बोलण्याच्या सहा कॅसेटी घरात होत्या. सानगडीच्या तळ्यांत त्यांनी जन्मभर मासे धरले. कोणतं तळं कुठे खोल, मरळ कशी चकवते, जाळं कधी टाकू नये, असं सगळं त्या कॅसेटींत होतं. मध्येच ते स्वतःच्याच गोष्टीवर खो खो हसायचे. मी मोहाडीच्या शाळेत मास्तर, त्यांना माझ्याकडे आणलं. कॅसेटींना बुरशी लागत होती, म्हणून आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला आणि कॅसेटी टाकून दिल्या. रोज संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसायचे आणि चांगल्या हाताने खूण करायचे, लाव. हसण्याची जागा आली की अर्ध्या तोंडाने हसायचे.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताने. त्याचं भंडाऱ्यात दुरुस्तीचं दुकान होतं. डिस्क भरली तेव्हा तोच एका रविवारी दुसरी हार्ड डिस्क घेऊन एसटीने आला. मी म्हटलं, "यावेळी मलेच शिकव. दरवेळी तुले कायले त्रास?"

"शिकवतो ना, वही काढ," तो म्हणाला.

मी पोरासारखा वही घेऊन बसलो. आधी नव्या डिस्कवर पार्टिशन, म्हणजे कप्पा, पाडायचं, मग ते फॉरमॅट करायचं, मग एक रिकामं फोल्डर बनवायचं आणि शेवटी पार्टिशन त्या फोल्डरवर माउंट करायचं, म्हणजे जोडायचं. फोल्डरला मी नाव दिलं, बाबा. सगळं रेकॉर्डिंग तिथे हलवलं. पहिल्या डिस्कवर जागा मोकळी झाली. त्या दिवशी दोस्ताला मासळीचं जेवण घातलं, काटे काढून द्यायचेच काय ते बाकी ठेवले. त्या जेवणाचा मला आजही राग येतो.

सोमवारी लोडशेडिंग. लाइन आली, मशीन चालू केली, तर 'बाबा' फोल्डर रिकामं. बाबा खुर्चीत बसलेले. वही काढली आणि पहिल्या ओळीपासून जसंच्या तसं पुन्हा केलं. पार्टिशन पाडलं, फॉरमॅट केलं, माउंट केलं. डिस्क बरोबर दिसू लागली. फोल्डर मात्र रिकामंच.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून डिस्क पिशवीत घातली आणि भंडारा गाठलं. दोस्ताने ती लावून पाहिली, मग दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"अरे, फॉरमॅट काहून मारलं तू? बाबांचं सप्पा रेकॉर्डिंग यातच होतं, फॉरमॅटनं पुसल्या गेलं. लाइन गेली म्हणून डिस्क फोल्डरवरून सुटली होती. वहीतली शेवटची ओळ तेवढी मारली असती, का झालं."

"मग रोज लाइन जाते आमच्याकडे. रोज हेच करत बसायचं?"

"नाही ना. एका फाइलीत एक ओळ लिहून ठेवली, का मशीन चालू होताच डिस्क आपोआप लागते."

"ते त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

तो हातातला स्क्रू फिरवत राहिला. म्हणाला, "मले वाटलं, फोल्डर रिकामं दिसलं का तू फोन करशील. सप्पा शिकवलं तर मंग मले कोण बोलावते?"

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. ठेवो. पण तो आखाड्यात, जिवाभावाच्या माणसाच्या घरी नाही. विसरला असता तर मी माफ केलं असतं. हा विसरला नव्हता. माझ्या घरी, माझ्या ताटात जेवून, बाबांच्या पाया पडून त्याने ती ओळ खिशात घालून नेली. चूक माझ्या हातून झाली हे मला कळतं. तरी राग त्याचाच येतो. त्याने बरीच खटपट केली, एका जाणकाराकडेही डिस्क पाठवली. काही निघालं नाही. त्यानंतर मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भंडाऱ्याहून घरी पोचलो तेव्हा बाबा खुर्ची ओढून बसले होते. हाताने खूण केली, लाव.

मी म्हटलं, "बाबा, लाइन नाही."

त्यांनी मान वर केली. डोक्यावर पंखा फिरत होता. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. उठले, आणि खुर्ची स्वतःच भिंतीशी नेऊन ठेवली. त्यानंतर त्यांनी ती कधी ओढली नाही.