विहिणीने आणलेला कोट

मर्गिलानच्या बाजारात कापड घ्यायचं तर झुलहुमोर ओपाला सोबत न्यायचं, हे आमच्या गल्लीत ठरलेलं; ओपा म्हणजे ताई. तिचा नवरा रेशमी अतलस विणायचा. तो गेल्यावर माग विकला, पण तिच्या बोटांची ओळख गेली नाही. दुकानदार भाव सांगत असायचा आणि ही कापड उलटं करून शिवण बघत असायची. मग काठाचा धागा ओढून त्याला काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, वितळून गोळी झाली तर नकली.

"आली आग लावणारी!" दुकानदार ओरडायचे.

"माल खरा असेल तर घाबरतोस कशाला रे?"

तिने मला एकदा महागडी शाल परत ठेवायला लावून कोपऱ्यातली साधी, स्वस्त शाल दिली. बारा वर्षं वापरतेय, अजून विटलेली नाही.

तिची एकुलती एक लेक मुनोजात. लग्नाआधी मुलाकडच्या बायका कपड्यांची गाठोडी घेऊन आल्या. एकेक कपडा वर धरून सगळ्यांना दाखवत होत्या. शेवटी कोट निघाला. विहीण मावजुदा शाळेत स्वयंपाक करते, विधवा बाई. तिची बहीण मोठ्याने म्हणाली, "शुद्ध लोकर! तीस लाख सोम मोजलेत!"

मावजुदाचं कौतुक व्हावं म्हणून मीच म्हटलं, "बघ ना ओपा, कसा आहे?"

ओपाने सवयीने कोट उलटा केला, अस्तराखाली बोट घातलं आणि एकदम कळवळली. "अगं बाई, विहीणबाई, त्या मेल्याने तुम्हाला फसवलं! यात लोकर नावालाही नाही. उद्याच परत करू, मी येते भांडायला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावजुदाने कोट हातात घेतला आणि सावकाश घडी घातली.

लग्न झालं. मुनोजात कोकंदला गेली. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याने. एकदा म्हणाली, "आई, इथे मला कुणी त्रास देत नाही. पण घरात काही नवीन आणलं की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात. तू एवढ्यात येऊ नकोस."

तरी ओपा माफी मागायला गेली. मावजुदाने चहा दिला, नान मोडून पुढे ठेवला. "तुम्ही खोटं कुठे बोललात? कोट खोटाच होता. पण मी तो खऱ्या मनाने आणला होता हो."

ओपा परत आली ती बाजारात जायची बंद झाली. कुणी कापड दाखवलं तर हात न लावता म्हणायची, "छान आहे."

मुनोजातला दिवस गेले तशी ओपा पुन्हा कामाला लागली. आमच्यात पहिल्या बाळाचा पाळणा आजोळहूनच जातो, तो मुलीच्या आईचा मान. सुताराकडे बसून तिने तुतीच्या लाकडाचा करून घेतला. त्यावरची पांघरुणं स्वतः शिवली, सगळ्या शिवणी आतून.

बाळ झालं. पाळणा न्यायच्या आदल्या दिवशी फोन आला, तेव्हा मी तिथेच होते.

"आई, सासूबाईंनी पाळणा आणला. बाळाला घातलंसुद्धा त्यात."

"छान असेल," ओपा म्हणाली. कसला, कुठून, काही विचारलं नाही. फोन ठेवून ती पांघरुणं माझ्या मांडीवर ठेवू लागली. "तुझी लेक वसंतात सासरी जाईल. तिला होतील."

मला ती घेववेनात. कोटाच्या दिवशी 'कसा आहे' हे मीच विचारलं होतं. तिने ते एकदाही बोलून दाखवलेलं नाही.